कडेकडेने चालवत होते, तरी पडले. वारजे ते शिवाजीनगर सायकलने जाणाऱ्यांनो, जरा सांगा

माळवाडीकर

नमस्कार. दोन वर्षं इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी वारजे माळवाडीत राहते, वय ४७. शिवाजीनगर कोर्टाच्या मागे एका सीएंकडे हिशेबाचं काम करते. मागच्या दिवाळीत भाच्याची सायकल माझ्याकडे आली. तो बंगळूरला गेला, सायकल बाल्कनीत धूळ खात होती, वहिनी म्हणाली, "ने, नाहीतर भंगारवाला नेईल." गिअरची, बारीक टायरची, टायरवर २८ लिहिलंय. शाळेत लेडीज सायकल चालवली होती, त्यानंतर थेट हीच. पहिले पंधरा दिवस सोसायटीच्या पार्किंगमध्ये वॉचमनकाकांची करमणूक केली आणि डिसेंबरपासून आठवड्यातले तीन-चार दिवस ऑफिसला सायकलने जायला लागले. दहा किलोमीटरच्या आसपास, पन्नास मिनिटं. स्कूटरला चाळीस लागायची, त्यातली दहा नळस्टॉपला उभं राहण्यात. गुडघा दुखेल असं सगळे म्हणाले होते. गुडघा दुखायचा थांबला.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पडले. घरापासून दोन गल्ल्या अलीकडे. आमचा आतला रस्ता काँक्रीटचा आहे आणि दोन्ही कडांना पेव्हर ब्लॉकची पट्टी. काँक्रीट आणि ब्लॉक यांच्यामध्ये फट आहे, दोन बोटं जातील एवढी. ब्लॉक खचलेत, त्यामुळे काँक्रीटची कड दीड इंच वर राहिलीये. ही फट मी रोज बघते, मला ती नवीन नाही. पण त्या संध्याकाळी पाऊस होता आणि फट पाण्याखाली होती. मागून टेम्पोने लांबलचक हॉर्न दिला. मी नेहमीसारखी डावीकडे सरकून ब्लॉकवर गेले. टेम्पो गेला. परत काँक्रीटवर यायला हँडल थोडं उजवीकडे वळवलं आणि पुढचं चाक त्या फटीत बसलं. सरकत्या खिडकीची काच खाचेत बसते ना, अगदी तसं. हँडल हलेना. सायकल डावीकडे राहिली, मी उजवीकडे, म्हणजे भर रस्त्यात आडवी. मागून त्या वेळी काही येत नव्हतं.

उजवं मनगट, पाच आठवडे प्लास्टर. जीएसटीचं सगळं काम डाव्या हाताने.

नवरा एक शब्द बोलला नाही. त्याने सायकलला कुलूप घातलं आणि किल्ली कुठे ठेवली ते सांगितलं नाही, बस. सासूबाई म्हणाल्या, "तुला कुणी आमंत्रण दिलं होतं का?" मुलगी दहावीत आहे. तिने विचारलं, "आई, मग मीपण क्लासला सायकल न्यायची नाही का?" ह्याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

प्लास्टर निघालं, फिजिओ झाली. किल्ली पोह्यांच्या डब्यामागे सापडली. आता गणपती झाले की परत सुरू करायचंय. पण खरं सांगते, पार्किंगमध्ये बसून बघितलं तर मागे नुसता स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला तरी हात कडक होतात.

मला विचारायचंय ते असं. मी तर इतकी कडेने चालवत होते, कुणाच्या मध्ये नाही, अध्यात नाही. तरी पडले. म्हणजे माझं चुकलं कुठे? दुसरं, रस्ता. आत्तापर्यंत कर्वे पुतळा, नळस्टॉप, डेक्कन, जंगली महाराज रस्ता असं जात होते. कर्वेनगरहून राजाराम पुलाकडे उतरून डीपी रोडने म्हात्रे पुलाशी आणि पुढे रजपूत वीटभट्टीपासून नदीपात्रातून भिडे पुलापाशी निघावं का? ऑफिसातला एक मुलगा म्हणतो वेताळ टेकडीवरून जा, गाडी नाही, घोडा नाही. त्यात काही अर्थ आहे का? आणि येताना साडेसात होतात, अंधार असतो.

"सोडून द्या" असं सांगणाऱ्यांनीही लिहा, घरी रोज ऐकतेच आहे.

---

स्पष्टच_बोलतो

सोडून द्या.

तुम्हीच आमंत्रण दिलंत म्हणून लिहितोय. नळस्टॉपला चारचाकीत बसूनसुद्धा मी जीव मुठीत धरतो. पुणे सायकलींचं शहर होतं तेव्हा रस्त्यावर सायकलीच होत्या, आता तुम्ही एकट्या आहात. वनाझला मेट्रो पकडा, जिल्हा न्यायालय स्टेशनला उतरा, कोर्टाच्या दारात पोहोचाल. २०२३ च्या ऑगस्टपासून ही गाडी थेट जाते आणि तुम्ही पावसात चाक फटीत घालताय. गुडघ्यासाठी टेकडी चढा. चालत.

---

जुना_हर्क्युलिस

ताई, तुम्ही माझ्या मोठ्या मुलीच्या वयाच्या आहात, म्हणून जरा अधिकाराने लिहितो.

१९७६ ते २००९, तेहेतीस वर्षं मी नारायण पेठेतून खडकीला सायकलने कामाला गेलो. सकाळी सातचा भोंगा. शिफ्ट सुटली की वाकडेवाडीला सायकलींचा असा लोंढा यायचा की पीएमटीची बस आमच्या मागून गुमान चालायची. सायकलला कर भरल्याचा बिल्ला लागायचा, दिवा नसला की पोलीस हवा सोडायचे. डबल सीट असलो की चौकाच्या आधी मागच्याने उडी मारायची आणि चौक ओलांडून परत बसायचं. हे सगळं गेलं ते गेलं, मी त्यावर रडायला आलेलो नाही. वरच्या साहेबांचं एक वाक्य मात्र खरं आहे. तेव्हा लोंढ्यात होतो म्हणून गाडीवाल्याला दिसायचो. आता एकटं असताना दिसायचं कसं, हे शिकावं लागतं. निवृत्तीनंतर मीही नव्याने शिकलो, दोनदा पडून.

तुमचं चुकलं कुठे ते तुम्हीच लिहिलंय. कडेने चालवत होतात.

रस्त्याची कड ही रस्त्याची सगळ्यात वाईट जागा. सगळी खडी, काचा, पाणी उतारावरून तिथेच येऊन साचतं. चेंबरची झाकणं तिथे. डांबराचे थर चढत जातात आणि झाकण खाली राहतं, त्याची विहीर होते. खचलेले ब्लॉक तिथे. उभ्या गाड्यांची दारं तिथेच उघडतात. शिवाय तुम्ही अगदी कडेला गेलात की मागच्याला वाटतं, वा, जागा झाली, घुसा. मग तो कोपराला घासून जातो. कडेपासून एक मीटर आत चालवा. चांगलं दोन हात आत. उभ्या गाड्यांची रांग असेल तर त्यांच्यापासून मीटर-सव्वा मीटर, कारण दार पूर्ण उघडलं की तेवढं येतं. दोन उभ्या गाड्यांमध्ये रिकामी जागा दिसली म्हणून आत शिरायचं आणि परत बाहेर यायचं, हे करू नका. बाहेर येताना तुम्ही मागच्याला अचानक उगवल्यासारख्या दिसता. सरळ रेघ धरा.

हिशेब तुमचाच प्रांत आहे म्हणून सांगतो. ताशी पंधराच्या वेगात तुम्ही सेकंदाला चार मीटरहून जास्त जाता. एक मोटार साधारण चार मीटर लांब. दार उघडताना दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला की तुम्ही एक मोटार पार केलेली असते. म्हणजे पुढच्याच गाडीचं दार उघडलं तर ब्रेकचा उपयोग नाही. लांब असणं हाच ब्रेक. तरी सवय लावा, उभ्या गाडीच्या काचेतून डोकं दिसतंय का बघायची. डोकं दिसलं की दार उघडणार असं धरून चालायचं. रिक्षा थांबली तर दोन्ही बाजूंनी माणूस उतरू शकतो.

हॉर्नचं म्हणाल तर मी एवढंच शिकलो, जो हॉर्न देतो त्याने तुम्हाला बघितलेलं असतं. न देता येतो त्याची काळजी करा. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला तेव्हा तुम्ही सुरक्षित होतात. डावीकडे सरकलात आणि नव्हतात. हॉर्न वाजला की आधी काहीच करायचं नाही. सरळ चालायचं. पुढे चांगली सपाट जागा दिसली की आपण होऊन, आपल्या सोयीने बाजूला व्हायचं आणि हाताने "या" म्हणायचं. लोक ऐकतात हो. शिव्या देणारा महिन्यातून एक.

आता फट. उभी फट, रूळ, रस्त्यावर टाकलेली लोखंडी प्लेट, हे सगळं आडवं ओलांडायचं. चाक जितकं काटकोनात जाईल तितकं बरं. त्यासाठी आधी थोडं लांब जाऊन मग वळून यावं लागतं. तेवढी जागा नसेल तर सरळ उतरायचं, सायकल उचलायची, पलीकडे ठेवायची. लाज वाटून घेऊ नका, मी आज एकाहत्तराव्या वर्षी आठवड्यातून तीनदा उतरतो. पाण्याने भरलेला तुकडा दिसला तर त्याखाली विहीर आहे असं समजायचं.

आणि तो २८ चा टायर. माझ्या हर्क्युलिसचंही चाक अठ्ठावीसच, पण इंच, आणि टायर दीड इंची. तुमचे २८ म्हणजे मिलिमीटर, जेमतेम एक इंच आणि वर थोडं. दोन बोटांच्या फटीत तो पूर्ण उतरतो. माझा उतरला नसता. नुसता ठेचकाळला असता.

---

मुरुमावर_घसरलेला

काकूंना टेकडीवरून जा म्हणणाऱ्या त्या मुलाला मी ओळखतो की काय असं वाटायला लागलंय.

काकू (चालेल ना काकू?), मी दर रविवारी वेताळ टेकडीवर सायकल नेतो, एआरएआयच्या बाजूने चढून खाणीच्या वरून फेरी. भन्नाट जागा आहे. ऑफिसला जायला नाही. एक तर २८ च्या टायरला तिथला सुटा मुरूम म्हणजे साबूदाणा सांडलेल्या फरशीवर चालणं. पावसात तीच माती टायरला आणि ब्रेकला असा गिलावा करते की चाकच फिरत नाही. दुसरं, सकाळी सातला वर सगळं पुणं चालत असतं. पायवाट दोन माणसांची, त्यातला एक कानात हेडफोन घातलेला. मी वर गेल्यावर चालणाऱ्यांमागे सायकल सावकाश ठेवतो, घंटी वाजवतो, गरज पडली तर उतरतो, कारण वाट त्यांची आहे. आडवाटेने मुद्दाम उड्या मारत उतरणारे आमचेच भाऊबंद आहेत, त्यांनी केलेल्या चऱ्यांमधून पाऊस माती वाहून नेतो, ते वेगळंच दुखणं. तिसरं, साडेसातला तुम्ही वर एकट्या नकोत. अंधार पडल्यावर टेकड्यांवर लुटल्याच्या बातम्या येतच असतात. मी सहा फुटी आहे, मीपण संध्याकाळी खाली असतो.

नदीपात्राचा रस्ता सकाळी छान. पण खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल आणि ती बाजू पाण्याखाली. पाणी ओसरल्यावर दोन दिवस रस्त्यावर गाळाचा थर असतो, तो वाळलेला दिसतो आणि आत ओला असतो. मी तिथेच पडलोय, म्हणून सांगतो. पावसाळ्यात डीपी रोडने म्हात्रे पुलापर्यंत या आणि तिथून वर कर्वे रोडला लागा. डीपी रोडवर लग्नसराईच्या संध्याकाळी मात्र जाऊ नका. सगळी मंगल कार्यालयं एकाच रस्त्यावर, वरात, व्हॅले पार्किंग, घोडा. त्या ऑफिसच्या मुलाला सांगा, घोडा तिथे आहे.

टायरबद्दल काकांशी शंभर टक्के सहमत. ३२ किंवा जमलं तर ३५ चा बसवा. आधी बघा की पुढच्या फोर्कमध्ये (चाक धरणाऱ्या दांड्यांमध्ये) आणि ब्रेकच्या कमानीखाली टायरच्या दोन्ही बाजूंना पेन्सिल फिरेल एवढी जागा उरते का. २८ ला तुम्ही ऐंशीच्या पुढे हवा भरत असाल, ३५ ला पन्नास-साठ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरे. मनगटाला बसणारे धक्केही निम्मे होतील, जे तुम्हाला आत्ता हवंय. आणि पावसात रिमवरच्या ब्रेकचा पहिला दाब नुसतं पाणी पुसतो, थांबवतो दुसरा. चौकाच्या बरंच आधी एकदा हलकेच दाबून रिम पुसून घ्यायची.

---

काळा_कोट

मी वकील आहे, अपघाताचे दावे लढवते. सायकलवाले माझ्याकडे नेहमी सहा महिने उलटून गेल्यावर येतात म्हणून लिहितेय.

सायकल हे मोटार वाहन नाही. लायसन लागत नाही, विमा लागत नाही, हेल्मेटची कायद्याने सक्ती नाही. (घालाच.) पण मोटार वाहनाने सायकलवाल्याला धडक दिली तर मोटार वाहन कायदा १९८८, कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. ती त्या गाडीचा थर्ड पार्टी विमा देतो. २०१९ च्या दुरुस्तीने दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायची अट आली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. त्यामुळे "बघू पुढे" करू नका. त्याच दिवशी पोलिसांत नोंद, गाडीचा नंबर, दवाखान्याच्या केसपेपरवर "वाहनाच्या धडकेने" असं स्पष्ट लिहून घेणं. घाबरलेला माणूस डॉक्टरला सांगतो "घसरून पडलो", आणि तेच वाक्य दोन वर्षांनी समोरचा वकील वाचून दाखवतो.

गाडी उभी होती आणि दार उघडलं, मग विमा कसा लागेल, असं विचारतात. उभी गाडी म्हणजे वापरात नसलेली गाडी नव्हे. शिवाजी दयानू पाटील विरुद्ध वत्सला उत्तम मोरे, सर्वोच्च न्यायालय, १९९१. आपल्याकडच्याच महामार्गावर उलटून पडलेल्या पेट्रोल टँकरचं प्रकरण. तो काही तासांनी पेटला तरी तो वाहनाचा "वापर"च धरला.

धडक देऊन पळून गेला आणि गाडी सापडलीच नाही, तर केंद्राच्या योजनेतून गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला २ लाख मिळतात. कमी आहेत, पण लोकांना हेही माहीत नसतं. आणि रस्त्यात पडलेल्याला उचलणाऱ्या माणसाला कलम १३४अ चं संरक्षण आहे, त्याने नाव-गाव सांगायची सक्ती नाही. तेव्हा उचला.

माळवाडीकर, तुमच्या बाबतीत टेम्पोने स्पर्श केलेला नाही, नंबर नाही, तो विषय सोडा. फटीचं मात्र सोडू नका. रस्त्याच्या कामातल्या निष्काळजीपणासाठी कलम १९८अ आहे, पण त्यात मृत्यू किंवा अपंगत्व आल्यावरच एक लाखापर्यंत दंड. एवढ्यावर कुणी थांबू नये. फटीत पट्टी उभी धरून फोटो काढा, खोली दिसली पाहिजे. लेखी अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या. आवक क्रमांक नसलेला अर्ज म्हणजे गप्पा.

---

स्पष्टच_बोलतो

बघा, इतकं सगळं करण्यापेक्षा मेट्रो.

---

माळवाडीकर

सगळ्यांना धन्यवाद. काकू चालेल.

@स्पष्टच_बोलतो, तुमचा प्रतिसाद नवऱ्याने दोनदा मोठ्याने वाचला. पण तुम्हाला एक माहीत नसेल, मेट्रोत सायकल नेता येते. तेव्हा मुसळधार पावसाच्या दिवशी घरून वनाझपर्यंत सायकल आणि पुढे तुमची मेट्रो, असं ठरवलंय. तुमचा सल्ला निम्मा घेतला.

हर्क्युलिसकाका, एक शंका. तुम्ही मीटरभर आत म्हणता. तिथे चालवताना मागे बघायचं कसं? मी मान वळवली की सायकलही तिकडेच वळते.

---

जुना_हर्क्युलिस

सगळ्यांचीच वळते. कारण मान वळवताना तुम्ही हँडलवर रेलता. खांद्यातून नाही, हनुवटी खांद्याला लावून बघायचं, कोपरं सैल, आणि बघायच्या आधी पायडल मारायचं थांबवू नका. सायकल चालती असली की सरळ राहते. रस्त्यावर नाही, मोकळ्या जागेत शिका. पार्किंगमध्ये फरशीची सरळ रेघ असेल, तिच्यावर चालवा आणि मुलीला मागे उभी करून बोटं दाखवायला सांगा. किती बोटं ते तुम्ही न डगमगता ओरडून सांगायचं. मी माझ्या मुलींना असंच शिकवलं, कमला नेहरू पार्कापाशी, पहाटे.

आणि दोन गोष्टी राहिल्या. बसच्या डाव्या बाजूने कधीही पुढे जायचं नाही, ती थांबलेली असली तरी. ड्रायव्हरला ती बाजू दिसत नाही आणि डावीकडे वळताना बसचं मागचं चाक कडेला घासत येतं. बस थांबली की आपण मागे थांबायचं. घाई असेल तर घरून लवकर निघायचं. दुसरं, उजवीकडे वळायचा मोठा चौक असेल तर वळूच नका. उतरून झेब्रावरून पायी. नळस्टॉपला मी अजून तसंच करतो.

दिवा मागचा लाल, लुकलुकणारा. पुढचा पांढरा, स्थिर आणि खाली झुकवलेला. समोरच्याच्या डोळ्यांत गेला तर तो आंधळा होतो आणि नेमका तुमच्यावर येतो.

---

माळवाडीकर

तीन आठवड्यांनी लिहितेय. वाचणारे कुणी उरले असतील तर.

पार्किंगमध्ये आठ दिवस बोटं मोजली. लेक पहिल्या दिवशी सरळ सहा बोटं दाखवायची, दोन्ही हातांची मिळून, मी "चार!" ओरडून खांबावर. वॉचमनकाका खुर्ची घेऊन बसायला लागले. पाचव्या दिवशी जमलं. कोपरं सैल ठेवणं हेच खरं, काका. हनुवटी खांद्याला लागली की आपोआप जमतं.

टायर ३२ चा बसला, ३५ ला ब्रेकच्या कमानीखाली पेन्सिल जाईना. कोथरूडच्या ज्या दुकानात नेली तिथल्या आजोबांनी विचारलं, "कशाला, गावाला जाणार का?" मागच्या रिमचा आऊटही (चाकाचं डुगडुगणं) काढून दिला, न मागता, आणि त्याचे पैसे घेतले, न मागता म्हणता येणार नाही.

पहिल्या दिवशी डीपी रोडने निघाले. मीटरभर आत. पहिले दोन किलोमीटर मला सतत वाटत होतं की मी कुणाच्या तरी घरात चपला घालून शिरलेय. डेक्कनपर्यंत चौदा हॉर्न मोजले. एकालाही दचकून कड दिली नाही. बसवाल्याला दिली, पण मी ठरवून, पेट्रोल पंपाची सपाट जागा आल्यावर, हात करून. त्याने जाताना हात वर केला. हे मात्र मी घरी येऊन तीन वेळा सांगितलं.

गंमत म्हणजे कोपराला घासून जाणारे कमी झाले. अगदीच गेले नाहीत. पण आधी रोज चार-पाच असायचे, आता आठवड्यातून एखादा. मी मधे असले की मागच्याला थांबून, बघून, मग ओलांडावं लागतं. शिव्या दोन. एक स्कूटरवाल्या माझ्याच वयाच्या बाईंनी दिली, ती जास्त लागली.

येताना फर्ग्युसन रोडने येते. तिथे साडेसातला गाड्याच चालण्याच्या वेगाने असतात, त्यामुळे भीती फक्त दारांची. काचेतून डोकी बघायची सवय लागलीये. परवा गुडलकच्या अलीकडे एका गाडीत डोकं दिसलं, मी लांब झाले, आणि खरंच दार उघडलं. आतला मुलगा फोनवर बोलत उतरला, मी गेलेलीही त्याला कळलं नाही. पाय थोडे लटपटले, पण पुढे जाऊन मग.

फटीचा अर्ज दिला. लेकीची पट्टी उभी धरून फोटो, चार सेंटिमीटर खोल निघाली. आवक क्रमांक मागितला तर खिडकीतल्या माणसाने माझ्याकडे असं बघितलं जणू मी त्याची जन्मपत्रिका मागितली. पण दिला. बारा दिवसांनी कुणीतरी येऊन सिमेंट भरून गेलं, आमच्या गेटापासून मंदिरापर्यंत. मंदिरापासून पुढे फट तशीच आहे. मी पडले ती जागा मंदिराच्या पुढे येते. दुसरा अर्ज टाकलाय, जुन्या आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन.

लेकीचं असं ठरलं की ती क्लासला सायकलने जाईल, पण आधी चार रविवार माझ्या मागे, मग चार रविवार माझ्या पुढे. नवऱ्याने अट घातली की पुढे-मागे असताना तोही येणार. त्याच्याकडे सायकल नाही. तो धावत येणार आहे म्हणे.

आता एक नवीन प्रश्न. गणपतीनंतर रस्त्यावर इतक्या काचा होत्या की मागचा नवा टायर एका जागी चिरला. ट्यूब बाहेर डोकावतेय. दुकानातले आजोबा म्हणाले, "गॅटर टाका." गॅटर म्हणजे काय आणि कुठे मिळतो?

---

जुना_हर्क्युलिस

गॅटर विकत घ्यायचा नसतो. जुना टायर कापून तुकडा करायचा, कडेची तार काढायची, कडा ब्लेडने तासून पातळ करायच्या आणि चिरलेल्या जागी टायर आणि ट्यूबच्या मध्ये सरकवायचा. कडा तासल्या नाहीत तर तोच ट्यूब कापतो.

मागच्या चाकाला चालेल. पुढच्याला चिरलं तर टायर नवा घ्यायचा, तिथे काटकसर नाही. माळ्यावर अर्धं पोतं जुने टायर आहेत माझ्याकडे, बायको तीस वर्षं टाकून द्या म्हणतेय. चीर किती लांब आहे ते मोजून कळवा, करंगळीएवढी का अंगठ्याएवढी.